नाव खोडलं तरी माणूस ओळखू येतो

मागच्या लेखात आपण प्रश्नावली कशी तयार करायची ते पाहिलं. आज तिच्यातून गोळा झालेल्या माहितीचं पुढे काय होतं ते बघू. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहायला घेतली असेल आणि तुमच्या विषयात माणसं, घरं, आजार, शेती यातलं काहीही येत असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. कारण यातली पहिली चूक माझी स्वतःची आहे, आणि ती मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी केली. म्हणजे मला 'सगळं माहीत होतं' तेव्हा.

माझं काम पाण्यावर आहे. आपल्या जिल्ह्याचा पूर्णा नदीकडचा भाग, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, हा खारपाणपट्ट्यात येतो. इथलं भूजल खारट आहे आणि गावोगावी लोक त्याचा संबंध किडनीच्या आजारांशी जोडतात. मी घरोघरी जाऊन पिण्याच्या पाण्याचे नमुने घेत होते आणि सोबत एक छोटी प्रश्नावली भरून घेत होते: घरात किती माणसं, त्यांचं वय, पाणी कुठलं पिता, किती वर्षांपासून, घरात कुणाला दीर्घ आजार आहे का. पायलट स्टडीत ६२ घरं झाली.

मी नियम पाळले होते. निदान मला तसं वाटत होतं. संमतीपत्रावर सही घेतली. शीटमधून नावाचा कॉलम काढला, मोबाइल नंबर काढला, प्रत्येक घराला क्रमांक दिला. मग ती शीट ऑनलाइन टाकली आणि 'लिंक असलेला कुणीही पाहू शकेल' हा पर्याय निवडला, कारण पोस्टर प्रेझेंटेशनला क्यूआर कोड लावायचा होता. गावात मला खूप मदत केलेल्या एका सरांना ती लिंक कौतुकाने पाठवली. त्यांनीही ती तेवढ्याच कौतुकाने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. आपल्या गावावर संशोधन झालं, यात काय लपवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. "ताई, तुमचा सतरा नंबर म्हणजे पारापाशी राहते तेच न?"

मी गप्प झाले. सतरा नंबर म्हणजे तेच घर होतं. त्या घराने आपल्या माणसाचा आजार गावापासून लपवून ठेवला होता, कारण मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. मला सांगितला, कारण मी 'कुणाला कळणार नाही' असं म्हटलं होतं.

(इथे मी क्रमांक बदलला आहे, खूण बदलली आहे, आजार कुठला तेही सांगत नाही, आणि गाव तर नाहीच. ते का, हे लेख संपेपर्यंत तुमच्या लक्षात येईल.)

सरांनी ओळखलं कसं?

शीटमध्ये नाव नव्हतं. पण वय होतं, स्त्री की पुरुष ते होतं, घरात किती माणसं ते होतं, पाणी विहिरीचं की बोअरचं ते होतं, आणि नमुना कुठून घेतला त्याचे जीपीएस आकडे होते. यातली एकही गोष्ट एकटी कुणाची ओळख सांगत नाही. पण सगळ्या एका ओळीत आल्या की गावात तसं घर एकच उरतं.

संशोधनात या गोष्टींना अप्रत्यक्ष ओळखखुणा म्हणता येईल. नाव, आधार क्रमांक, मोबाइल नंबर या थेट खुणा. त्या काढायच्या हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. घोटाळा नेहमी अप्रत्यक्ष खुणांमध्ये होतो, कारण त्या निरुपद्रवी दिसतात.

साधा हिशोब करू. समजा गावाची लोकसंख्या १,५०० आहे. त्यात ७५० पुरुष धरा. वय शून्यापासून पंच्याहत्तरपर्यंत साधारण सारखं पसरलंय असं मानलं, तर एका वयाचे सरासरी १० पुरुष येतात. म्हणजे 'पुरुष, वय ६१' एवढंच सांगितलं तरी १,५०० मधून आपण १० वर आलो. प्रत्यक्षात म्हाताऱ्या वयात माणसं कमी असतात, म्हणजे दहाही नसतील. आता 'घरात सात माणसं' म्हणा. दोन-तीन उरतील. 'पाणी स्वतःच्या विहिरीचं' म्हणा. एक उरला. जीपीएसची तर गरजच पडली नाही.

शहरातल्या सर्व्हेसाठी लिहिलेली पुस्तकं वाचून आपण खेड्यात काम करतो, तेव्हा हा फरक विसरतो. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या प्रभागात '६१ वर्षांचा पुरुष' ही गर्दी असते. आपल्या गावात तो अमक्याचा बाप असतो.

हे आधी कुणी दाखवलं?

लतान्या स्वीनी हे नाव लक्षात ठेवा. १९९७ च्या सुमारास त्या अमेरिकेत एमआयटीमध्ये पीएच.डी. करत होत्या, म्हणजे आपल्यासारख्याच. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याची माहिती संशोधकांसाठी खुली केली होती. नावं आणि पत्ते काढले होते. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मात्र ठेवले होते. राज्याचे गव्हर्नर होते विल्यम वेल्ड, आणि ते केंब्रिज शहरात राहायचे. स्वीनी यांनी २० डॉलर भरून केंब्रिजची मतदार यादी विकत घेतली. त्या यादीत वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा जण निघाले. त्यातले तीन पुरुष. त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. झालं, गव्हर्नरच्या आजारांची नोंद सापडली.

दोन याद्या. एकीत आजार आहे, नाव नाही. दुसरीत नाव आहे, आजार नाही. दोघींमध्ये तीन कॉलम सारखे. शास्त्र एवढंच आहे. याला लिंकेज अटॅक म्हणतात. एक्सेलमध्ये व्ही-लुकअप येणारा कुणीही तो करू शकतो.

स्वीनी यांनी पुढे १९९० च्या जनगणनेवरून हिशोब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेव ठरतात. २००६ मध्ये फिलिप गोल यांनी २००० च्या जनगणनेवर हाच हिशोब पुन्हा केला, तेव्हा आकडा ६३ टक्के आला. हे मुद्दाम सांगतेय. तुम्ही प्रबंधात ८७ टक्के लिहाल तर सोबत ६३ पण लिहा. आकडा कमी झाला म्हणून मुद्दा पडत नाही, पण एकच आकडा उचलून लिहिणं हे संशोधन नाही.

दुसरं उदाहरण मोबाइलचं. २०१३ मध्ये इव्ह-अलेक्झांडर द मॉन्टजॉय आणि सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल लोकेशनचा अभ्यास केला. नाव नाही, नंबर नाही, फक्त कुठल्या तासाला कुठल्या टॉवरपाशी. त्यातल्या चार नोंदी पुरेशा होत्या. चार जागा आणि चार वेळा माहीत असतील, तर ९५ टक्के माणसं त्या १५ लाखांतून वेगळी काढता येत होती. आता तुमचं स्वतःचं बघा. सकाळी घर, नंतर कॉलेज, दुपारी लायब्ररी, संध्याकाळी क्लास. चार नोंदी झाल्या.

दुसरी यादी आपल्याकडे कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेत, आपल्याकडे कुठे एवढा डेटा? आपल्याकडे जास्त आहे, आणि फुकट आहे.

- मतदार यादी. नाव, वय, लिंग, घर क्रमांक, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून यादी भागनिहाय उतरवून घेता येते. वीस डॉलर लागत नाहीत.
- रोजगार हमीची नोंद. जॉबकार्डधारकाचं नाव, प्रवर्ग, किती दिवस काम केलं, किती मजुरी मिळाली.
- आपण स्वतः टाकलेलं. वाढदिवसाचे बॅनर, दहावीच्या गुणांसकट फोटो, दवाखान्यातून टाकलेलं स्टेटस, 'बाबांसाठी प्रार्थना करा' ही पोस्ट.

आता यातल्या पहिल्या दोन याद्या वाईट आहेत असं म्हणायला मी तयार नाही. मतदार यादी लपवली तर बोगस नावं कोण शोधणार? सरकारी कामांवरच्या मजुरांची हजेरी उघड व्हावी यासाठी राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९० च्या दशकात जनसुनवाया घेतल्या. मस्टरवर मेलेल्या माणसांची नावं निघायची. त्या लढ्यातून माहिती अधिकाराचा कायदा उभा राहिला. गरिबाची मजुरी कुणी खाल्ली हे कळण्यासाठी ती यादी उघड हवीच.

पण उघडपणाला मर्यादा हवी. २०१७ च्या मे महिन्यात सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने एक अहवाल काढला. पेन्शन आणि रोजगार हमीशी संबंधित चार सरकारी संकेतस्थळांवरून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडले असण्याचा अंदाज त्यात होता. कुणी हॅक केलं नव्हतं. कुणीतरी सगळे कॉलम तसेच ठेवून यादी टाकली होती. मी माझ्या ६२ घरांचं जे केलं तेच, फक्त प्रमाण वेगळं.

म्हणून 'माझा डेटासेट सुरक्षित आहे का' हा प्रश्नच अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा: माझ्या डेटासेटशेजारी जगात आधीच असलेल्या सगळ्या याद्या ठेवल्या, तर काय दिसेल? आणि उद्या नवी यादी आली तर? तुम्ही आज टाकलेली शीट दहा वर्षांनीही तीच असेल, पण तिच्या शेजारच्या याद्या वाढलेल्या असतील.

शेगाव तालुक्यातलं प्रकरण

आता आपल्याच जिल्ह्याचं बोलू. २०२४ च्या डिसेंबरपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडत होतं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. पाण्याचे नमुने गेले, त्वचारोगतज्ज्ञ आले, आयसीएमआरचं पथक आलं. पुढे विंचूदंशावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास केला आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम खूप जास्त असल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलं.

विज्ञानाची ही गोष्ट तुम्ही बहुतेक वाचली असेल. मला तिची दुसरी बाजू सांगायची आहे. पथकं यायच्या आधी गावात मोबाइल आले. केस हातात घेऊन उभी असलेली माणसं, डोकं दाखवणारी माणसं, चेहरा पूर्ण दिसतोय, गावाचं नाव खाली पट्टीवर. विषाणू असल्याचं काहीही सिद्ध झालेलं नसताना 'टक्कल व्हायरस' हा शब्द राज्यभर फिरला. बाधितांमध्ये कॉलेजची मुलं आणि तरुण मुली बऱ्याच होत्या. शिक्षणात खंड पडला, जुळत आलेली लग्नं लांबली किंवा मोडली, असं नंतर बातम्यांत आलं. काही तरुणांनी लाजेपोटी आधीच सगळं डोकं भादरून टाकलं.

यातून संशोधनासाठी दोन गोष्टी शिकायच्या आहेत.

पहिली: त्या माणसांनी कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवला ही संमती होती का? ते घाबरलेले होते. डॉक्टर यावेत म्हणून दाखवत होते. कॅमेऱ्यामागचा माणूस कोण आणि तो व्हिडिओ कुठे जाणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. उपचारासाठी दिलेली संमती ही प्रसारासाठी दिलेली संमती नसते. हेच तुमच्या प्रश्नावलीला लागू आहे. 'पाणी तपासायला' दिलेली माहिती ही 'ऑनलाइन ठेवायला' दिलेली नसते. माझ्या संमतीपत्रात पहिलं होतं, दुसरं नव्हतं.

दुसरी: ज्यांचा एक केसही गळला नाही त्यांचंही नुकसान झालं. गावाचं नाव एकदा लागलं की सोयरिकीला येणारा पाहुणा २७९ ची यादी मागत नाही. तो गाव बघतो. म्हणजे सगळी नावं, सगळे चेहरे झाकले तरी हे नुकसान उरतंच. खासगीपण फक्त एका माणसाचं नसतं, वस्तीचंही असतं, आणि डेटा पुसायच्या कुठल्याही सूत्रात ते येत नाही.

मग गावाचं नाव घ्यायचंच नाही का? असंही नाही. गावं कळली म्हणून पाणी तपासलं गेलं, गहू तपासला गेला. नाव लपवलं असतं तर कारण शोधणं अवघड झालं असतं. इथे तुम्हालाच तोलावं लागेल: हे नाव छापल्याने गावाला काय मिळणार आणि काय जाणार? आरोग्य विभागाला कळवताना गावाचं नाव द्यावंच लागतं. तेच नाव माझ्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात असायची गरज नव्हती.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले.

विद्यार्थ्यांनी या कायद्यातल्या दोन सवलती नीट वाचाव्यात. एक, संशोधन आणि सांख्यिकीसाठी सूट आहे, पण त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल कुठला निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची, या अटीवर. दोन, माणसाने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. दुसऱ्या सवलतीवर फार उड्या मारू नका. मुलाने बापाच्या आजाराची पोस्ट टाकली, तर ती बापाने सार्वजनिक केलेली नाही. कायद्यात बसतं आणि योग्य आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरोग्याशी संबंधित काम असेल तर आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचा आणि एथिक्स कमिटीची मंजुरी पहिला नमुना घ्यायच्या आधी घ्या, नंतर नाही.

मग करायचं काय?

१. गट मोठे करा. के-ॲनॉनिमिटी ही कल्पना स्वीनी यांनीच रुजवली. नियम सोपा आहे: अप्रत्यक्ष खुणांचा कुठलाही संच घेतला, तर तसाच्या तसा संच असलेली किमान 'के' माणसं डेटात असली पाहिजेत. के पाच धरा. 'वय ६१' ऐवजी '५५ ते ६९', 'सात माणसं' ऐवजी 'सहा किंवा जास्त', गावाऐवजी तालुका. माझ्या ६२ घरांवर मी नंतर हे करून पाहिलं. तोपर्यंत त्यातली निम्म्याहून जास्त घरं एकमेव होती. म्हणजे सतरा नंबर हा अपवाद नव्हता, फक्त तो पहिला ओळखला गेला.

२. गट मोठा झाला म्हणून निर्धास्त राहू नका. समजा '५५ ते ६९, पुरुष, विहिरीचं पाणी' या गटात पाच जण आहेत आणि पाचही जणांना तोच आजार आहे. मग कुठली ओळ कुणाची हे कळायची गरजच नाही. अमुक माणूस या गटात आहे एवढं कळलं की आजार कळला. म्हणून गटात उत्तरांची विविधताही लागते. याला एल-डायव्हर्सिटी म्हणतात.

३. जीपीएसचे आकडे कापा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर पाच अंक ठेवले तर तुम्ही एक मीटरपर्यंत पोचता, म्हणजे उंबरठ्यावर. दोन अंक ठेवले तर साधारण एक किलोमीटर. माझ्या शीटमध्ये सहा अंक होते, कारण ॲपने तेवढे दिले होते आणि मला ते 'अचूक' वाटले. आपल्याकडचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ज्या डीएचएस पद्धतीत बसतं, तिथे घराचं ठिकाण कधीच देत नाहीत. वस्तीसमूहाचा मध्यबिंदू देतात, आणि तोही शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात पाच किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवून.

४. फोटोत लपलेली माहिती काढा. मोबाइलच्या फोटोत तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही साठवलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती सहसा निघून जाते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते. आपण क्वालिटी टिकावी म्हणून डॉक्युमेंटच पाठवतो.

५. नाजूक प्रश्न असेल तर नाण्याची पद्धत वापरून बघा. १९६५ मध्ये स्टॅन्ले वॉर्नर यांनी अशा पद्धतीची मूळ कल्पना मांडली. तिचं एक सोपं रूप असं. उत्तर देणाऱ्याने तुमच्याकडे पाठ करून नाणं उडवायचं. छापा आला तर खरं उत्तर द्यायचं. काटा आला तर पुन्हा उडवायचं: छापा आला तर 'हो', काटा आला तर 'नाही' म्हणायचं, खरं काहीही असो.

आता २०० जणांना विचारलं आणि ८० जण 'हो' म्हणाले. यातले साधारण १०० जण खरं बोलले. उरलेल्या १०० पैकी ५० जणांनी नाण्यामुळे 'हो' म्हटलं. ८० मधून ५० गेले, उरले ३०. म्हणजे खरं बोलणाऱ्या १०० मध्ये ३० 'हो', अर्थात ३० टक्के. तुम्हाला गावाचा आकडा मिळाला, पण समोरच्या एकाही माणसाचं 'हो' खरं होतं की नाण्याचं हे तुम्हालाही सांगता येणार नाही. शीट चोरीला गेली तरी चोरालाही नाही. किंमत एवढीच की आकडा थोडा डळमळीत होतो, म्हणून नमुना मोठा घ्यावा लागतो. सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली डिफरन्शियल प्रायव्हसी ही याच विचाराची पुढची आणि जास्त काटेकोर पायरी आहे. तिच्यावर पुढे वेगळा लेख लिहीन.

६. आणि सगळ्यात स्वस्त उपाय: विचारूच नका. प्रत्येक कॉलमसमोर लिहा, 'हा मला कुठल्या विश्लेषणाला लागणार आहे?' उत्तर नसेल तर तो प्रश्न काढा. घरातल्या माणसांची संख्या मी विचारली, कारण सगळेच विचारतात. माझ्या विश्लेषणात ती कुठेच आली नाही. पण ओळख पटायला मात्र तिने मदत केली.

७. शीट बाहेर जाण्याआधी ती गावातल्या एका माणसाच्या नजरेने वाचा. संगणक काय शोधेल याचा विचार आपण करतो. शेजारी काय ओळखेल याचा करत नाही. खेड्यात सगळ्यात मोठा डेटाबेस पारावर बसलेला असतो.

पुढे काय झालं

सरांच्या फोननंतर मी शीट बंद केली. सरांनी ग्रुपवरचा मेसेज काढला. पण तोवर रात्र उलटून गेली होती. कुणी उघडली, कुणी उतरवून घेतली, कुणी स्क्रीनशॉट काढला, हे कळायला मार्ग नव्हता.

मी गाइडना सांगितलं. सांगताना फार जड गेलं, पण तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिला फोन गाइडनाच करा, लपवायला जाऊ नका. त्यांनी मला एथिक्स कमिटीला लेखी कळवायला लावलं आणि एकच वाक्य बोलल्या, "आता त्या घरी तू स्वतः जायचंस."

मी गेले. चहा ठेवला त्यांनी. मी सगळं सांगितलं. काकू रागावतील असं वाटलं होतं, पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मंग आता ते नेटवरून काढता येते का?"

मी म्हटलं, माझ्याकडून काढलं. कुणाच्या मोबाइलमध्ये असेल तर मला काढता येणार नाही.

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मंग आमचं नाव तुमच्या पुस्तकातूनही काढून टाका." नाव नव्हतंच, पण त्यांना काय म्हणायचं होतं ते मला समजलं. मी त्यांची ओळ काढली. संमती कधीही मागे घेता येते, हे संमतीपत्रात मीच छापलं होतं.

त्या मुलीच्या लग्नाचं काय झालं, हे मी तुम्हाला सांगणार नाही. ते माझं सांगायचं नाही.

माझ्या पायलट स्टडीत आता ६१ घरं आहेत. प्रबंधात 'एका कुटुंबाने सहभाग मागे घेतला' असं एक वाक्य येईल. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये डेटा कसा गोळा करणार हे तुम्ही दोन पानं लिहाल. तो कुठे ठेवणार, कोण पाहणार, कधी पुसणार आणि ओळख कशी झाकणार, यावर निदान अर्धं पान लिहा. ते अर्धं पान मी लिहिलं नव्हतं.